आधी तुम्ही

ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं माफी मागायचं काम केलं. कागदावर माझा हुद्दा कम्युनिटी मॅनेजर असा होता आणि तो ऐकून लोकांना वाटायचं, हा काहीतरी मॅनेज करतो. प्रत्यक्षात खेळात कुणाची होडी बुडाली, कुणाचे मासे नाहीसे झाले, की खेळाडू मला लिहायचे, आणि मी त्यांना उलट लिहायचो की आम्ही दिलगीर आहोत, आपल्या भावना संबंधित विभागापर्यंत पोहोचवल्या आहेत. सासूबाई त्यांच्या मैत्रिणींना सांगायच्या, "जावई कॉम्प्युटरवर लोकांची भांडणं सोडवतात." कंपनीच्या वर्णनापेक्षा हे जास्त बरोबर होतं, म्हणून मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

सहा वर्षांनी मला वाटायला लागलं, की दुसऱ्यांच्या चुकांची माफी पुष्कळ मागून झाली, आता जरा स्वतःच्या चुका कराव्यात. म्हणजे गेम डिझायनर व्हावं. बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुला जमेल?" तिनं विचारलं.

"सहा वर्षं खेळाडूंचं ऐकतोय. त्यांना काय हवंय, ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"ऐकतोस, ते खरं," ती म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकला. त्या वेळी मला ती स्तुती वाटली.

विभाग बदलायचा म्हणजे एक फॉर्म भरायचा, एवढंच मला ठाऊक होतं. फॉर्म चार पानी निघाला. त्यात 'बदलीचं कारण' या रकान्यात चाळीसच अक्षरं मावत होती. माझं कारण सात ओळींचं होतं. ते कापत कापत मी शेवटी 'प्रगती' एवढं लिहिलं. एचआरच्या बाईंनी तो शब्द दोनदा वाचला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

"तीन महिने तुम्हाला तिकडे बघतील," त्या म्हणाल्या. "जमलं तर कायम."

"आणि नाही जमलं तर जुन्या जागी?"

"जुनी जागा भरली. मुलगी सोमवारपासून येतेय."

"मग नाही जमलं तर मी कुठे?"

बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "तसा रकाना नाही," त्या म्हणाल्या.

हे मी घरी सांगितलं नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही जेवण झाल्यावर. बायकोनं ताट उचललं आणि नळ जरा जास्त सोडला.

जुन्या विभागानं मला सोडलं आणि नव्या विभागानं अजून घेतलं नव्हतं, असे मध्ये अकरा दिवस गेले. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं या अकरा दिवसांत मी कंपनीत नव्हतोच. माझ्या कार्डानं दार उघडेना. दारावरचा पहारेकरी मला सहा वर्षं ओळखत होता, पण नियम म्हणजे नियम. त्यानं पाहुण्यांची वही पुढे सरकवली.

"कुणाला भेटायचंय, साहेब?"

"अहो, मी इथलाच आहे."

"ते मला माहीत आहे. वहीला माहीत नाही. कुणाला भेटायचंय ते लिहा."

पहिल्या दिवशी मी मुख्य डिझायनरचं नाव लिहिलं. त्यांना फोन गेला, त्या मीटिंगमध्ये होत्या आणि मी पाऊण तास पाहुण्यांच्या सोफ्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून 'कुणाला भेटायचंय' या रकान्यात मी 'स्वतःला' असं लिहायला लागलो आणि 'काम' या रकान्यात 'खासगी'. पहारेकऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी निघताना मात्र तो विचारायचा, "झाली का भेट?"

बाराव्या दिवशी कार्ड चाललं. मुख्य डिझायनर वयानं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होत्या, पण त्यांना सगळे मॅडम म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या कमी बोलायच्या. जे बोलायच्या, तेही निम्मं बोलून थांबायच्या आणि उरलेलं समोरच्यानं समजून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असायची.

नव्या कॉम्प्युटरवर पहिल्याच दिवशी मला 'संबंधित विभाग' नावाचा फोल्डर दिसला. मला फार आनंद झाला. उघडून पाहिलं तर आत चौदा हजार दोनशे सहा पत्रं होती. सगळी मी पाठवलेली आणि एकही न उघडलेलं. मी विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "हो, ते तुम्ही पाठवायचात ना..." आणि थांबल्या. उरलेलं मी समजून घेतलं. त्या दिवशी डबा मी न उघडताच घरी नेला.

आता आमच्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. त्यात दोन बेटं आहेत. एका बेटावर लोक मासे पकडतात, दुसऱ्या बेटावर ते विकतात. दोहोंच्या मध्ये दर दहा मिनिटांनी एक बोट जाते. बोटीत माणसं मावतात तीस आणि बंदरावर उभी असतात दोनशे. बोट लागली की जो रेटारेटी करील तो चढतो, बाकीचे पाण्यात पडतात आणि त्यांचे मासे वाहून जातात. या एका विषयावर वर्षभरात दोन हजार तीनशे बारा तक्रारी आल्या होत्या आणि त्या सगळ्यांची मी माफी मागितली होती. त्यामुळे मॅडमनी "एखादी छोटी गोष्ट घ्या, सुरुवातीला..." असं म्हटल्याबरोबर मी म्हणालो, "बंदरावर रांग करतो."

"रांग," मॅडम म्हणाल्या. "बरं."

रांग ही छोटी गोष्ट आहे असा माझा समज होता. माणसामागे माणूस उभा केला की झाली रांग. एका पानात माझा आराखडा संपला. पण ही गोष्ट मी जिन्यात खालच्या काकांना सांगितली आणि तिथे घात झाला. काका पोस्टातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते आणि रांग या विषयावर त्यांची मतं तयार होती. ती ऐकायला इतक्या वर्षांत कुणी भेटलं नव्हतं एवढंच.

"दोरी लावलीस का?" काकांनी विचारलं.

"कसली दोरी?"

"दोरीशिवाय रांग? अरे, दोरी काढलीस की माणसं लगेच अर्धगोल करतात. मी पाहिलंय." मग त्यांनी मला घरात नेलं आणि जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून अर्धगोल कसा होतो ते दाखवलं. काकूंनी चहा आणला, तो ठेवायला जागा राहिली नाही.

"आणि माणसाला मध्येच जावं लागलं तर?" काका म्हणाले. "तब्येत आहे, घरचं काम आहे. आमच्याकडे लोक पिशवी ठेवून जायचे. पिशवी म्हणजे माणूस. तिला मान असायचा."

मला ते पटलं. आमच्या खेळाडूंकडे माशांची टोपली असते. म्हणून आराखड्यात दोरीबरोबर हेही आलं, की जाताना टोपली ठेवून जावी आणि टोपलीचा नंबर माणसाचाच धरावा. आराखडा नऊ पानांचा झाला.

रविवारी मेहुणा आला. तो मिक्सर विकतो, त्यामुळे माणसाचं मन आपल्याला कळतं असं त्याचं म्हणणं आहे.

"भावजी, नुसतं उभं राहायला सांगितलं तर कोण राहील? काहीतरी द्या त्यांना."

"काय देऊ?"

"टोपी द्या. टोपीला माणूस नाही म्हणत नाही. आमच्या मोठ्या मिक्सरवर टोपी होती, तेव्हा ज्यांच्याकडे मिक्सर आहे त्यांनीही घेतला."

टोपी द्यायची ठरली, पण कशाबद्दल? नुसतं उभं राहिल्याबद्दल टोपी देणं मला बरोबर वाटेना. आणि इथे मला माझी स्वतःची कल्पना सुचली. दोन हजार तीनशे बारा तक्रारींमध्ये एक शब्द सारखा यायचा: उद्धट. लोक उद्धट झालेत, आधी चढू देत नाहीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ढकलतात. म्हणजे लोकांना हवा होता सभ्यपणा. मी ठरवलं, की रांगेत जो पहिला असेल त्याच्यासमोर दोन बटणं येतील. एक 'चढतो' आणि दुसरं 'आधी तुम्ही'. 'आधी तुम्ही' दाबलं की मागचा पुढे येईल, दाबणारा एक पाऊल मागे जाईल आणि त्याला सौजन्याचा एक गुण मिळेल. पाच गुणांना एक पिसाची टोपी.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आणि बोटीत कोण चढणार?" ती म्हणाली.

"कोण म्हणजे? जो पुढे येईल तो."

"तो पण तेच बटण दाबणार ना?"

मी तिला समजावून सांगितलं, की हा विषय तांत्रिक आहे.

प्रोग्रामरनंही, तोवर चौतीस पानी झालेला आराखडा वाचून विचारलं होतं, "गुण द्यायचेत? नक्की?" मी म्हटलं, नक्की. "मग सही करून द्या," तो म्हणाला. मी सही केली. सहा वर्षांत माझ्या सहीची कुणाला गरज पडली नव्हती, त्यामुळे मी ती जरा मोठीच केली.

रांग सुरू झाली त्या दिवशी बंदराबद्दल एकही तक्रार आली नाही. माझ्या जागी आलेली नवी मुलगी, जिला मी मनातल्या मनात वारसदार म्हणायचो, ती मुद्दाम माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, आज मला काही कामच नव्हतं." मी दुसऱ्या दिवशी विभागासाठी केक नेला. केक कापताना दोन शब्द बोललो. खेळाडूचं ऐकणं म्हणजे काय, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी केक खाल्ला, पण त्यांची नजर समोरच्या पडद्यावर होती.

"कालच्या फेऱ्या पाहिल्यात का तुम्ही..." त्या म्हणाल्या.

दिवसाच्या एकशे चव्वेचाळीस फेऱ्या होतात. त्यातल्या एकशे चाळीस बोटी रिकाम्या गेल्या होत्या. उरलेल्या चारांत मिळून सहा माणसं होती आणि त्यांनी चुकून भलतंच बटण दाबलं असावं असा प्रोग्रामरचा अंदाज होता. बंदरावर मात्र पिसाच्या टोप्याच टोप्या. बोट लागत होती, पहिला म्हणत होता आधी तुम्ही, दुसरा म्हणत होता छे छे, आधी तुम्ही, दोन मिनिटं अशी सभ्यपणात जात होती आणि बोट भोंगा वाजवून निघून जात होती. कुणाला राग नाही, कुणाला घाई नाही. ज्याच्याकडे अकरा टोप्या होत्या, त्याला बारावीची ओढ होती.

त्यात टोपल्या. लोक टोपली ठेवून जेवायला जात, झोपायला जात, दोघं तर म्हणे गावाला गेले. टोपली रांगेत सरकत सरकत पहिल्या नंबरावर यायची. मग नियमाप्रमाणे तिच्यासमोर दोन बटणं यायची. टोपली काय दाबणार? मागचे लोक आदरानं थांबून राहत. एका टोपलीपुढे अख्खा मंगळवार गेला.

आठवड्याभरात पलीकडच्या बेटावरच्या दुकानदारांची पत्रं सुरू झाली. गिऱ्हाईक नाही, दुकानं ओस पडलीत, हे काय चाललंय. वारसदार ती पत्रं इमानेइतबारे संबंधित विभागाकडे पाठवत होती. संबंधित विभाग म्हणजे आता मी होतो. माझीच वाक्यं, माझ्याच स्वल्पविरामांसकट, मला येत होती. मी प्रत्येक पत्र उघडून वाचलं. ते वाचून आपलं चुकलं असं कबूल करणं हा एक मार्ग होता. मी दुसरा धरला, म्हणजे दुरुस्त्या सुरू केल्या. सलग तीनदाच सौजन्य करता येईल असा नियम केला, तर लोकांनी चौघांचे गट केले. दोरी आखूड केली, तर तिच्यावर लोक मासे वाळत घालायला लागले. गुण मात्र मी काढले नाहीत. ती कल्पना एकट्या माझी होती.

खालच्या काकांना मी खेळ दाखवला होता, तेव्हापासून ते सकाळी आंघोळ करून रांगेत उभे राहत. जिन्यात भेटले की छाती पुढे काढून सांगायचे, "नऊ टोप्या झाल्या! अशी रांग मी आयुष्यात पाहिली नाही."

"काका, तुम्ही पलीकडे गेलात का कधी?"

"पलीकडे काय आहे?" काका म्हणाले.

तीन महिने संपायला पाच दिवस उरले तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. पहिल्यांदाच त्या पूर्ण वाक्यांत बोलल्या, त्यावरून प्रकरण कुठवर गेलंय ते माझ्या लक्षात आलं.

"लोक काय बोलतात ते तुम्हाला पाठ आहे. बटण त्यांच्या हातात आल्यावर ते काय करतील, हे तुम्ही पाहिलंच नाहीत. गुण काढून टाका. बुधवारी अकरा वाजता मालक तुमचं काम बघायला बसणार आहेत. तेव्हा बोट भरलेली दिसली नाही, तर मला तुमच्यासाठी काही बोलता येणार नाही."

मी प्रोग्रामरकडे धावलो. तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही, पण चालू खेळात बदल करायचा तर बदल समितीची मंजुरी लागते. समिती गुरुवारी बसते."

"मालक बुधवारी बसतायत."

"मग समितीला अर्ज करा, की बुधवारी बसा. तो अर्जही गुरुवारीच बघतील म्हणा."

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिला "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायचा पूर्ण अधिकार होता आणि तिनं तो वापरला. वापरून झाल्यावर ती म्हणाली, "खेळ तुला बदलता येत नसेल, पण खेळता तर येतो ना? जा आणि चढ तू बोटीत."

"मी एकटा चढून काय होणार?"

"कुणीतरी पहिलं चढायला नको का?"

बुधवारी सकाळी आठ वाजता ऑफिसातल्या माझ्या टेबलावरून मी साधा खेळाडू म्हणून बंदरावर उभा राहिलो. टोपी नाही, नाव नाही, हातात चार मासे. मॅडम, मालक आणि प्रोग्रामर पलीकडच्या काचेच्या खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसणार होते. अकराला दहा कमी असताना मी पहिल्या नंबरावर आलो. समोर दोन बटणं आली. आणि काय सांगू, माझं बोट आपोआप 'आधी तुम्ही' वर गेलं. सहा वर्षांची सवय. मागचा पुढे आला, तो म्हणाला छे छे, मी परत पहिला. मी परत तेच दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मागचा टोपली ठेवून गेला होता, पुढे आली ती टोपली. बोट निघून गेली. काचेतून मालक आत येऊन बसताना दिसले.

अकराची बोट लागली. समोर टोपली, तिच्यापुढे बोटीवर जायची फळी. फळीला फाटक नव्हतं. चौतीस पानांत फाटकाचा विषयच निघाला नव्हता. गेले कित्येक दिवस कुणीही, कधीही, सरळ चालत बोटीत जाऊन बसू शकत होतं. आयुष्यात मी कधी रांग मोडली नाही. मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागून मी टोपली ओलांडली, फळीवरून चालत गेलो आणि बोटीत जाऊन बसलो.

मग पडद्यावर शब्द उमटायला लागले. अहो! रांग आहे इथे! काय माणूस आहे! उद्धट! निर्लज्ज! आणि शिव्यांच्या मधोमध कुणीतरी लिहिलं, एकोणतीस जागा उरल्या.

हे सगळ्यांना एकदमच दिसलं असावं. दोरी तुटली. टोपल्या उडाल्या. पिसाच्या टोप्या घातलेली दोनशे सभ्य माणसं एकाच वेळी फळीवर आली. तीस जण बसले, त्यात माझी जागा गेली आणि मी माझ्या चार माशांसकट पाण्यात पडलो. बोट भोंगा वाजवून भरगच्च निघाली.

काचेच्या खोलीत मालकांनी मान डोलावली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

"भरलेली आहे की बोट," मालक म्हणाले. "आणि तो पाण्यात कोण?"

"तो आपलाच आहे," मॅडम म्हणाल्या.

गुरुवारी समिती बसली आणि गुण काढले गेले. त्याच दिवशी एचआरच्या बाईंनी मला कायम केल्याचं पत्र दिलं. त्यावर 'कारण' असा रकाना होता आणि त्यात त्यांनी 'प्रगती' असं लिहिलं होतं. मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं रे. फार भीती वाटत होती मला."

दुपारी वारसदार हातात कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. बुधवारी अकराच्या बोटीत रांग मोडून चढलेल्या एका खेळाडूविरुद्ध त्रेचाळीस तक्रारी आल्या होत्या. तो कोण, हे तिला माहीत नव्हतं. पहिली तक्रार खालच्या काकांची होती. पोस्टाच्या भाषेत, चार कलमी. सदर इसमास कायमचे काढून टाकावे, अशी त्यांनी नम्र विनंती केली होती.

"सर, काय उत्तर देऊ?" तिनं विचारलं. "नेहमीचं?"

मी कागद वाचला. काकांनी मला एकदाही उगाच नावं ठेवली नव्हती, जे झालं होतं तेच लिहिलं होतं.

"नको," मी म्हटलं. "लिहा, तक्रार खरी आहे. त्या माणसाला आम्ही ओळखतो. त्याला आम्ही काढणार नाही."

"आणि दिलगीर आहोत?"

"ते घालू नका."

ती लिहून घेऊन गेली. मी काम उघडलं. दहा मिनिटं बसलो. एक ओळ पुढे सरकेना. शेवटी उठलो आणि तिच्या टेबलापर्यंत जवळजवळ धावत गेलो.

"ऐका, शेवटी एकदा घालाच ते. बारीक अक्षरात. दिलगीर आहोत म्हणून."

"सर, ते गेलं," ती म्हणाली. "त्रेचाळीस जणांना."

मी परत येऊन खुर्चीत बसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.